रे: रे: रे:

वास्कोच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी.
खिडकीतून बंदर दिसत नाही,
क्रेनचं नुसतं डोकं दिसतं,
कोणाला तरी शोधत असल्यासारखं.

आज सकाळी एकशे बारा मेल.
त्यातले नव्वद मला नव्हेतच,
दुसऱ्यांना लिहिलेले, मला साक्षीला उभं करून.
प्रत मला, प्रत साहेबांना, प्रत मडगावला,
प्रत अजून इनास बाबांनाही,
जे निवृत्त होऊन चार वर्षं
चिंचिणीला भेंड्या लावतात.
त्यांचा पत्ता कोणी काढलाच नाही.
कोळशाचं प्रत्येक जहाज
अजून त्यांना सांगून आत येतं.

आणि विषयाच्या आधी ते 'रे'.
एका उत्तराला एक.
रे: रे: रे: बार्ज उशिरा.
नवीन होते तेव्हा वाटायचं, हाक आहे.
आमच्या सावर्ड्याला नदीपलीकडून अशीच मारतात,
रे ऽ
आणि मग थांबतात,
ओ येईपर्यंत.
इथे ओ कोणी देत नाही, पुढचा रे जोडतात.
तेवीस वर्षांत मला
'गे' म्हणून एकही मेल आला नाही.

क्षितिज धुमटकर, नवा मॅनेजर, अठ्ठावीस वर्षांचा,
म्हणाला, ताई, मेल आता मेला.
ग्रुपवर टाका.
टाकलं. खरंच पटकन होतं सगळं.
अंगठा. अंगठा. अंगठा.
चार बुकं शिकलेली माणसं
अंगठाछाप व्हायला इतकी उतावीळ
मी कधी पाहिली नव्हती.

मग फेब्रुवारीत ती बार्ज,
कुडतरकरांची, कुठ्ठाळीच्या पुलापाशी
अठरा तास नांगर टाकून.
थांबवली कोणी? अकरा लाखांचा प्रश्न.
ग्रुपवर पाहिलं, तर
हा संदेश हटवला गेला आहे.
हा संदेश हटवला गेला आहे.
खाली कोणाच्या तरी मुलीच्या बारशाचे पेढे.

तेव्हा क्षितिजच म्हणाला, हळूच,
ताई, मेलमध्ये बघता?

सापडला.
पहाटे दोन चौदा. विषय रिकामा.
शाबलो केरकर, धक्क्यावरचा सुपरवायझर:
'सर, हॅचात पाणी शिरता. माल भिजतलो.
बार्ज थांबवतां. जबाबदारी म्हजी.'
प्रत: मला.
ठळक काळ्या अक्षरात,
म्हणजे न उघडलेला.
साहेबांकडे न उघडलेला, मडगावलाही.
नव्वदांतला एक.

मेल जोडला, अकरा लाख वाचले,
ग्रुपवर अंगठे, एक नाचणारं माकड.
मेलेल्याने राखलं म्हणून
मी क्षितिजला चिडवणार होते,
पण शाबलोला जानेवारीअखेरच्या त्या रात्रीसाठी
न विचारता बार्ज थांबवली म्हणून
केव्हाच घरी पाठवलं होतं.
पत्रावर टंकलेखन माझं.

दुपारी दार लावून लिहायला बसले.
शाबलो, वाचलं. उशिरा.
एवढंच. बाकीचं तीनदा लिहून खोडलं.
पाठवलं.
मिनिटभरात परत आलं:
असा पत्ता अस्तित्वात नाही.
इनास बाबांचा चार वर्षं राहतो,
ह्याचा जेवणाच्या सुट्टीत पुसला होता.

साडेपाचला मी खारीवाड्यावर गेले.
छापून घेतलेला मेल पर्समध्ये,
चपलांखाली खवले.
ट्रॉलरवर तो बर्फ फोडत होता,
इंजिन चालू, कावळे, बायकांचा लिलाव,
माझा आवाज दोन बोटींपर्यंतसुद्धा जाईना.
विषय नाही, प्रत कोणाला नाही,
तोंडाशी हात धरून म्हटलं,
शाबलो रे ऽ

थांबले.

त्याने हातोडा खाली ठेवला,
कपाळावरचं पाणी पुसलं,
डोळे बारीक करून मला ओळखायला वेळ घेतला.
'कितें गे?'

आणि त्याच्या पुढचं
माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं.